कॉलेजचा समूहगान संच बांधताना: पट्टी, श्वास आणि झील

सांगली-मिरजेच्या कॉलेजांत दरवर्षी नवी मुलं येतात, निवड चाचणी होते, सहा बरे आवाज निवडले जातात आणि दुसऱ्याच दिवशी गाणं बसवायला घेतलं जातं. चूक इथेच होते. चाल पाठ व्हायला दोन दिवस पुरतात. सहा गळ्यांचा एक आवाज व्हायला मात्र महिना-दीड महिना लागतो, आणि तो पट्टी (गाण्याचा ‘सा’ पेटीच्या कोणत्या सुरावर धरायचा ते), श्वास आणि उच्चार आधी ठरवल्याशिवाय होत नाही. पहिल्यांदाच संचात येणाऱ्या मुलामुलींसाठी आणि ज्यांच्यावर अचानक संचाची जबाबदारी पडली आहे अशा विद्यार्थी प्रमुखांसाठी हे लिहिलं आहे.

आधी नियम वाचा

सांगली जिल्ह्यातली बहुतेक महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहेत. युवा महोत्सव आधी जिल्ह्याचा, मग मध्यवर्ती, आणि पुढे आंतरविद्यापीठीय. वरच्या फेऱ्या भारतीय विद्यापीठ संघाच्या नियमांवर चालतात. त्यात भारतीय समूहगानाला जास्तीत जास्त ६ गायक, ३ साथीदार आणि १० मिनिटं असतात. मांडामांडीला ४ मिनिटं वेगळी मिळतात. गाणी दोन: एक देशभक्तीपर, एक लोकगीत. चित्रपटगीत चालत नाही. गुण फक्त गाण्याला असतात; वेशभूषा, रंगभूषा आणि हातवाऱ्यांना नाही. म्हणून फेट्यांच्या रंगावर तालमीचा तास घालवू नका. यंदाचं परिपत्रक सांस्कृतिक विभागातून मागून घ्या आणि त्याची एक प्रत संचाच्या वहीत चिकटवा. जिल्ह्याच्या फेरीत एखादा आकडा वेगळा असू शकतो आणि वेळ ओलांडल्याचा फटका बसतोच.

निवड चाचणी

उमेदवाराला त्याचं आवडतं गाणं म्हणायला लावू नका. आवडतं गाणं सगळेच बरं म्हणतात. त्यापेक्षा पेटीवर एक सूर द्या आणि तो ‘आ’कारात १० सेकंद धरायला सांगा. मग पेटी बंद करा, तो तसाच धरून ठेवू द्या, पुन्हा पेटी दाबून पाहा. सूर जागेवर राहिला असेल तर हा गळा संचात बसेल. त्यानंतर दुसऱ्या मुलाला शेजारी उभं करा, त्याला ‘सा’ द्या आणि उमेदवाराला ‘प’ धरायला लावा. शेजारच्याच्या सुरात घसरणारा गळा एकट्यानं कितीही गोड गात असला तरी समूहगानात त्याला वेळ लागतो.

प्रत्येकाचा आरामात लागणारा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर पेटीच्या पट्टीत लिहून ठेवा. मान ताणून, भुवया वर करून लागलेला सूर मोजायचा नाही. तीन मुली आणि तीन मुलं हा संच सगळ्यांत सोयीचा. सहाजणांशिवाय आणखी दोघांना राखीव म्हणून तालमीत पहिल्या दिवसापासून बसवा. घसा बसणं, ताप आणि परीक्षा हे तिन्ही नेमके शेवटच्या आठवड्यात येतात.

पट्टी: संच पडतो तो इथे

मुलं साधारण काळी एकच्या (पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) आसपास गातात, मुली काळी चार-पाचच्या. हे अंतर जवळपास पंचमाचं आहे. मुलांच्या पट्टीत गाणं घेतलं की मुली एक सप्तक वर जातात आणि अंतऱ्यात किंचाळतात. मुलींच्या पट्टीत घेतलं की मुलांचा खालचा ‘प’ घशात विरघळतो. दोन्हीकडे ‘आज घसा ठीक नाही’ ही सबब ऐकू येते. घसा ठीकच असतो, पट्टी चुकलेली असते.

उपाय मोजमापाचा आहे. गाणं निवडण्याआधी त्याचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर शोधा. गाणं मंद्र (खालच्या सप्तकातल्या) ‘नी’ ते तार (वरच्या सप्तकातल्या) ‘रे’ एवढ्यातच फिरत असेल तर ‘सा’ पांढरी एक किंवा पांढरी सातवर धरा. मुलं खालच्या सप्तकात, मुली वरच्या सप्तकात, दोघंही बिनत्रास गातात. गाणं तार ‘प’पर्यंत जात असेल तर ते सरसकट सगळ्यांनी म्हणायचं नाही. वरचा अंतरा मुलींनी मुलांच्या सप्तकातच घ्यायचा. तो सूर मुलांना उंच असतो, पण मुलींच्या गळ्याला तो मधला, भरलेला सूर असतो. मुलांनी त्यावेळी खाली ‘सा’ धरावा किंवा गप्प राहावं. ऐकणाऱ्याला अंतरा चढल्यासारखाच वाटतो आणि कुणाची शीर ताणली जात नाही.

दोन्ही गाण्यांचा ‘सा’ एकच ठेवता आला तर उत्तम. नसेल तर दोन्ही ‘सा’ एकमेकांच्या पंचमावर ठेवा. पहिलं गाणं पांढरी एकवर आणि दुसरं पांढरी चारवर असेल तर पांढरी एकला लावलेला दायां (उजव्या हाताचा तबला) दुसऱ्या गाण्यात पंचमाला बोलतो. रंगमंचावर तबला नव्यानं लावायची वेळ येत नाही. ज्यांनी हे आधी ठरवलेलं नसतं त्यांची मोलाची मिनिटं हातोडीच्या ठोक्यांत जातात.

तानपुरा खरा घ्या

मोबाइलमधला तानपुरा सरावाला चालतो, पण त्याच्या बारीक स्पीकरमधून खर्जाची (सर्वांत खालच्या ‘सा’ची) तार जवळजवळ ऐकूच येत नाही. मुलं मग वरवरच्या झंकारावर गातात आणि सूर हलका होतो. मोबाइल वापरायचाच असेल तर तो मोठ्या स्पीकरला जोडा. पण सांगलीत राहून खऱ्या तानपुऱ्याविना तालीम करणं हे पटत नाही. शहर बसच्या अंतरावर मिरज आहे. सतार आणि तानपुरे घडवणाऱ्या घराण्यांचं गाव. दीडशे वर्षांहून जुनी ही कला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. कॉलेजच्या कपाटात धूळ खात पडलेला तानपुरा असेल तर तो तिथे नेऊन तारा बदलून आणि जवारी काढून (तारा टेकतात ती घोडी घासून, नाद खुलवून) आणा. नव्या तानपुऱ्याच्या मानानं हे काम फारच थोडक्यात होतं.

तानपुरा लावायला एकानं नीट शिकावं. चार तारा: पहिली मंद्र पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या, चौथी खर्जाची. रागात पंचम वर्ज्य असेल तर पहिली तार मध्यमाला किंवा निषादाला. खुंटीनं तार जवळ आणायची आणि शेवटचा केसभर फरक तारेत ओवलेल्या मणक्यानं काढायचा. मग जवारीचा दोरा. घोडीवर तारेखाली अडकवलेला तो सुताचा बारीक तुकडा बोटानं पुढेमागे सरकवत जायचं, दुसऱ्या हातानं तार छेडत राहायचं. आधी तार ठक्क वाजते. सरकवत गेलं की एका जागी नाद उमलतो, गुणगुणतो आणि लांबत जातो. तिथे थांबायचं. आणखी थोडं सरकलं तर नुसती खरखर येते.

सगळ्या तारा अशा लागल्या की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. कान देऊन ऐका. हा गंधार पेटीच्या शुद्ध गंधारापेक्षा किंचित उतरलेला आहे, अर्ध्या स्वराचे १०० भाग केले तर सुमारे १४ भागांनी. म्हणून पेटी आणि तानपुरा एकत्र वाजताना लांब धरलेला ‘ग’ डळमळतो. अशा ठिकाणी पेटीवाल्यानं ‘ग’ सोडून फक्त ‘सा-प’ धरावा आणि ‘ग’ गायकांवर सोपवावा. सहा गळे तानपुऱ्याच्या गंधारावर एकत्र लागले की तो सूर सभागृहात चमकतो.

तालमीचा तास

तासगाव, विटा, ईश्वरपूरकडून (आधीचं इस्लामपूर) येणाऱ्या मुलांची शेवटची एसटी लक्षात घेऊन तालीम ठरवा. रोज ६० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. आठवड्यातून एकदा तीन तास बसण्यापेक्षा याचा फायदा कितीतरी जास्त, कारण गळ्याची सवय रोजच्या थोड्या-थोड्या कामानं बसते.

पहिली १० मिनिटं गाणं नाही. ओठ मिटून गुंजन, ओठांची फुरफुर करत वर-खाली जाणं, मग खर्जात ‘सा’ आणि सपाट अलंकार. पुढची १० मिनिटं फक्त तानपुऱ्यावर एक सूर: सगळ्यांनी ‘सा’, मग तिघांनी ‘सा’ आणि तिघांनी ‘प’, मग अदलाबदल. नवी मुलं याला कंटाळतात. पण संचाचा एक आवाज बनतो तो याच दहा मिनिटांत, म्हणून ती कधीच गाळू नका. उरलेल्या वेळात गाणं तुकड्यातुकड्यानं घ्या. रोज सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हणत राहिलं तर ध्रुवपद घोटलं जातं आणि शेवटचं कडवं कच्चं राहतं. आठवड्यातले दोन दिवस शेवटच्या कडव्यापासून उलट या.

तिसऱ्या आठवड्यापासून पेटीचा टेकू काढा. एक पूर्ण कडवं फक्त तानपुरा आणि तबल्यावर म्हणा आणि शेवटी पेटीवर ‘सा’ दाबून तपासा. सूर उतरला असेल तर कुठे उतरला ते शोधा. नेहमीच्या जागा तीन: ओळीच्या शेवटी, जिथे श्वास संपलेला असतो; अवरोहात, जिथे प्रत्येक पायरी किंचित मोठी पडते; आणि एकाच सुरावर पाच-सहा अक्षरं असतात तिथे. पहिल्या ठिकाणी श्वासाची जागा बदला, दुसऱ्या ठिकाणी अवरोह संथ लयीत सरगमनं म्हणा, तिसऱ्या ठिकाणी प्रत्येक अक्षर नव्यानं सुरावर ठेवा.

श्वास वहीत लिहायचा

प्रत्येकाच्या वहीत गाण्याच्या ओळीवर श्वासाची खूण हवी, आणि ती सहाही वह्यांत एकाच जागी हवी. शब्द तोडून श्वास घेतला की अर्थ तुटतो. ‘मायभूमी’तला ‘माय’ म्हणून श्वास घेतलेला प्रेक्षकाला लगेच कळतो.

लांब धरलेल्या सुरात मात्र सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. दोन आवर्तनं (तालाच्या दोन फेऱ्या) धरायचा ‘सा’ असेल तर क्रम ठरवा. पहिल्यानं दुसऱ्या मात्रेनंतर, दुसऱ्यानं चौथीनंतर, असं आळीपाळीनं. समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) कुणीही श्वास घ्यायचा नाही. श्वास घेऊन परत येताना हळू आवाजात आत शिरायचं आणि मग मोठं व्हायचं. झोकात परत आलं की आवाजाला गचका बसतो आणि शिवण दिसते.

उच्चार

आपल्या मराठीत ‘च’, ‘ज’, ‘झ’ दोन-दोन प्रकारचे आहेत आणि लिहिताना ते सारखेच दिसतात. ‘चंद्र’मधला ‘च’ वेगळा, ‘चांदणं’मधला वेगळा. ‘जीव’ आणि ‘जोडी’, ‘झेंडा’ आणि ‘झाड’ हेही तसंच. हिंदी माध्यमात शिकलेली किंवा सीमाभागातली मुलं संचात असतील तर हा फरक प्रत्येक शब्दाला बोलून घ्या. पाच जण ‘चांदणं’ मराठी वळणानं म्हणतात आणि सहावा ‘चंद्र’मधला ‘च’ वापरतो, तेव्हा सूर बरोबर असूनही ओळ विस्कटते.

‘स’ आणि ‘श’ शेवटी असलेल्या शब्दांत एकानंच सूत्र हाती घ्यावं. ‘देश’मधला ‘श’ सहाजणांनी सहा वेळी सोडला तर माइकमधून साप फुत्कारल्यासारखा आवाज येतो. पाच जणांनी ‘देऽ’ धरून ठेवायचा आणि ‘श’ एकानंच, ठरलेल्या मात्रेवर सोडायचा. स्वर लांबवताना ‘आ’ सगळ्यांचा सारखा उघडा हवा. कुणाचा ‘आ’ आणि कुणाचा ‘ऑ’ झाला तर समसूर असूनही आवाज फाटलेला वाटतो. एकमेकांसमोर गोल उभं राहून ओठांच्या आकाराकडे बघत म्हणा, लगेच सुधारतं.

लोकगीत आणि झील

समूहगान आपल्याकडे बाहेरून आलेलं नाही. पोवाड्यात, गोंधळात, जागरणात मुख्य गाणाऱ्यामागे झीलकरी (मागून ओळ उचलून म्हणणारे; ती ओळ म्हणजे झील) असतातच आणि भजनी मंडळात बुवांनी चाल सोडली की टाळकरी ती उचलतात. लोकगीत बसवताना हाच बांधा ठेवा. एक म्होरक्या, पाच झीलकरी. सहाही जणांनी सगळंच गाणं म्हटलं की लोकगीताची मजा जाते.

झिलीचा प्राण तिच्या उचलण्यात आहे. म्होरक्याचा शेवटचा शब्द संपण्याआधी झीलकऱ्यांचा श्वास भरलेला हवा, नाहीतर मध्ये पोकळी पडते. झील ऐकूनच उचलायची. मान हलवून इशारा करायची सवय सुरुवातीपासून लावू नका, रंगमंचावर सगळे एकमेकांकडे बघत नसतात.

लोकगीताला ढोलकी, संबळ, तुणतुणं, दिमडी, टाळ यांतलं काय घ्यायचं ते तीन साथीदारांतच बसवायचं आहे. तुणतुणं ‘सा’ला लावलेलं हवं. टाळ वाजवायचा मोह टाळा. सहा जोड्या टाळ माइकसमोर वाजले तर शब्द बुडतात. एक जोडी पुरे.

वेळेचा हिशेब

केहरवा ताल ८ मात्रांचा. मिनिटाला ९६ मात्रांची लय धरली तर एक आवर्तन बरोबर ५ सेकंदांचं होतं. ५ मिनिटांचं गाणं म्हणजे ६० आवर्तनं. हा हिशेब वहीत ठेवा. लोकगीतात लय चढतेच. ती ९६ वरून १०८ ला पोचली तर त्याच ६० आवर्तनांना ४ मिनिटं २७ सेकंद लागतात. वेळ उरते म्हणून कुणी काळजी करत नाही, पण शब्द घसरायला लागलेले असतात. मोबाइलवर रेकॉर्ड करून पहिल्या आणि शेवटच्या १० आवर्तनांना लागलेले सेकंद मोजा. फरक ४-५ सेकंदांच्या आत ठेवा. दोन्ही गाणी मिळून ९ मिनिटांत संपवा. एक मिनिट टाळ्यांना आणि दोन गाण्यांमधल्या श्वासाला.

दमट हवा आणि वाद्यं

महोत्सव बहुधा पावसाळ्याच्या सरतीला पडतो. दमट हवेत तबल्याची पुडी (वरचं कातडं) सैलावते आणि सूर उतरतो. दायां किंचित चढाच लावून न्या. लावताना गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) वरून खाली ठोकलं की सूर चढतो, खालून वर ठोकलं की उतरतो. एका घरावर (गजऱ्यावरच्या एका जागी) ठोकलं की त्याच्या समोरच्या घरावरही तपासा, नाहीतर एका बाजूनं वेगळा बोलतो. थेट पंख्याखाली किंवा एसीच्या झोतात तबला ठेवू नका. पेटीचा एखादा स्वर दमटपणात अडकतो, तेव्हा तो आदल्या रात्री नव्हे, आठवडाभर आधी तपासा.

वाद्यांचा छोटा मेळ

गायनाबरोबर काही कॉलेजांत चार-पाच वाद्यांचा मेळही बसतो. पाश्चात्त्य परंपरेतल्या चेंबर म्युझिकचं सूत्र इथे कामाला येतं: प्रत्येक भागाला एकच वादक, आणि समोर हात हलवणारा संचालक नाही. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो ही त्याची सर्वांत प्रसिद्ध मांडणी. आपल्याकडे सतार, बासरी, व्हायोलिन आणि तबला घेऊन तेच करता येतं.

पट्टी इथे त्या वाद्यावरून ठरते ज्याला हलता येत नाही. बासरी आणि पेटी हलत नाहीत. सतार थोडी हलते, पण काळी एक-पांढरी दोनच्या फार पुढे नेली तर तार तुटते. व्हायोलिन आणि तबला मागे येतात. पांढरी तीनची बासरी घेऊन सतारवाल्यापाशी बसलात तर जमणारच नाही. काळी एकची बासरी आणा. बासरी गरम झाली की सूर किंचित चढतो, म्हणून सूर जुळवण्याआधी पाच मिनिटं ती वाजवून घ्या.

अर्धवर्तुळात बसा, प्रत्येकाला प्रत्येकाचे डोळे दिसले पाहिजेत. सुरुवात श्वासानं करा: मुख्य वादकानं लयीतच नाकानं श्वास घ्यायचा, त्या श्वासाची लांबी म्हणजे गाण्याची एक मात्रा. मुख्य सूर बासरीकडे असेल तेव्हा सतारीनं मींड (तार ओढून एका सुरावरून दुसऱ्यावर जाणं) आवरायची. एकावेळी एकच वाद्य सजावट करील, बाकीचे सूर धरतील.

शक्य झालं तर मिरजेत ख्वाजा शमना मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसातल्या संगीत सभेला सगळ्या संचानं एक रात्र बसावं. किराणा घराण्याच्या उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीची ती जागा. साथीदार मुख्य कलाकाराला कुठे जागा देतो आणि कुठे सांभाळतो, हे तिथे जितकं कळतं तितकं तालमीत सांगून कळत नाही.

रंगमंचावर

मांडामांडीच्या चार मिनिटांची स्वतंत्र तालीम करा. कोण तानपुरा आणेल, कोण तबल्याची रिंग ठेवेल, माइक कोण लावील, हे ठरलेलं हवं. सहा गायकांना तीन माइक आले तर दोघांत एक; मोठ्या आवाजाच्या मुलानं माइकपासून हातभर आणि बारीक आवाजाच्या मुलीनं वीतभर उभं राहावं. सर्वांत पक्का सूर असलेला गायक मधोमध, कच्चा त्याच्या शेजारी. तबल्याच्या टोकाला आणि दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्यांच्या लयीत फरक पडतो, म्हणून टोकाचा गायक लयीत पक्का असावा. समोरच्या मॉनिटरमध्ये (गायकांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) तानपुरा आणि पेटी मागा, स्वतःचा आवाज नाही. ध्वनिव्यवस्थेवाल्यांशी आदल्या संचाचं गाणं चालू असतानाच, पायऱ्यांपाशी, एकानं जाऊन बोलून घ्यावं.

घसा बसला असेल तर कुजबुजून बोलू नका, त्यानं घशाला आणखी ताण पडतो. गप्प राहा, कोमट पाणी प्या, वाफ घ्या. त्या दिवशी राखीव गायकाला आत घ्यायचा निर्णय सकाळीच घ्या, रंगमंचाच्या पायरीवर नाही.

सूर मिळाला की लगेच सुरू करू नका. तानपुऱ्याच्या दोन फेऱ्या पूर्ण होऊ द्या, तेवढ्यात सभागृह शांत होतं. शेवटचा ‘सा’ सुटल्यावर हात जोडायच्या आधी तानपुरा आणखी एक फेरी वाजत राहू द्या, आणि मग चौथ्या तारेवर हात ठेवा.